पब्लियसचा मुखवटा आणि चोपन्नावा निबंध

“अमेरिकेच्या संस्थापकांना छोटं सरकार हवं होतं.” हे वाक्य तुम्हीही कुठल्या ना कुठल्या रीलमध्ये ऐकलं असेल. मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी वैतागून मूळ मजकूर वाचायला घेतला. ‘फेडरलिस्ट’ नावानं ओळखले जाणारे ८५ निबंध. बरेचसे मोबाईलवरच वाचले, लोकल आणि रांगांमध्ये. वाचून झाल्यावर पहिला प्रश्न पडला तो हा : कुठले संस्थापक? आणि कुठल्या साली?

कारण १७८७ मध्ये ही मंडळी फिलाडेल्फियात जमली, ती सरकार लहान करायला नव्हे. तेव्हाच्या मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचाही अधिकार नव्हता. कराराच्या कलमांत बदल करायचा, तर तेराही राज्यांची संमती लागायची. मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केलं आणि वरच्या वर्गाची झोप उडाली. सरकार दुबळं आहे, ही तक्रार होती. नवी राज्यघटना हे त्यावरचं औषध होतं आणि ते न्यूयॉर्कच्या लोकांच्या गळी उतरवायला हे निबंध लिहिले गेले.

हे ग्रंथ म्हणून लिहिलेलेच नाहीत. ऑक्टोबर १७८७ पासून ते न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत येत होते, खाली सही ‘पब्लियस’. या रोमन नावामागे तिघे होते. आज मान्य असलेल्या हिशेबानुसार अलेक्झांडर हॅमिल्टनचे ५१, जेम्स मॅडिसनचे २९ आणि जॉन जेचे फक्त ५. जे मध्येच आजारी पडला. समोरही टोपणनावंच होती. ‘ब्रूटस’ नावाचा एक लेखक म्हणत होता, की एवढ्या अवाढव्य देशात प्रजासत्ताक टिकणार नाही आणि केंद्राची न्यायालयं हळूहळू राज्यांना गिळतील. म्हणजे आपण ज्याला ‘संस्थापकांचं मत’ म्हणतो, तो खरं तर एका भांडणाचा अर्धा भाग आहे.

पण हा अर्धा भाग काय ताकदीचा आहे! दहाव्या निबंधात मॅडिसन म्हणतो, गटतट होणारच. ते मोडायचे तर माणसाचं स्वातंत्र्यच मोडावं लागेल. आणि गट पडण्याचं सगळ्यात पक्कं कारण कोणतं? मालमत्तेची असमान वाटणी. मग उपाय काय? देश मोठा ठेवा, म्हणजे एकाच गटाला सगळ्यांच्या डोक्यावर बसता येणार नाही. ब्रूटसचा आक्षेप त्यानं असा थेट उलटा करून दाखवला. एक्कावन्नाव्या निबंधात तो आणखी पुढे जातो. राज्य करणारेही आपल्यासारखेच स्वार्थी असणार हे धरून चला, आणि एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याची आडवी घाला. त्याचं गद्य इथे गणितासारखं चालतं. कुठेही माणसाच्या चांगुलपणावर उधारी नाही.

हॅमिल्टनचं गद्य वेगळं. तो वकील आहे आणि जिंकायला उतरलाय. चौऱ्याऐंशीव्या निबंधात तो म्हणतो, नागरिकांच्या हक्कांची वेगळी सनद नकोच. जो अधिकार सरकारला दिलेलाच नाही, तो वापरू नका असं लिहायचं कशाला? युक्तिवाद चपखल आहे, पण लोकांना पटला नाही. न्यूयॉर्कनं घटना मान्य केली ती ३० विरुद्ध २७ अशा निसटत्या मतांनी. पुढे १७८९ मध्ये हक्कांच्या दुरुस्त्या काँग्रेससमोर मांडल्या, त्या खुद्द मॅडिसननं.

एवढ्यावरच थांबत नाही. १७९१ मध्ये राष्ट्रीय बँकेवरून पब्लियसचेच दोन हात एकमेकांशी भिडले. हॅमिल्टन म्हणाला, घटनेत बँकेचा शब्द नसला तरी अधिकार गर्भित आहे. मॅडिसन म्हणाला, अजिबात नाही. जेफरसन मॅडिसनच्या बाजूला. पण १८०३ मध्ये घटनेबद्दल मनात शंका असूनही जेफरसननं दीड कोटी डॉलरला लुइझियाना विकत घेतलं आणि १८१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅडिसननं दुसऱ्या बँकेच्या कायद्यावर सही केली. त्यांना ढोंगी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला वाटतं, ते सत्तेत आल्यावर शिकत होते.

एका निबंधापाशी मात्र मला असं समजून घेता येत नाही. चोपन्नावा. बहुतेक अभ्यासक तो मॅडिसनचाच मानतात. विषय : प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची मोजणी तीन पंचमांश का करायची. इथे पब्लियस अचानक बाजूला सरकतो. ‘आपला एखादा दक्षिणेकडचा बांधव असं म्हणेल’ अशा थाटात तो सगळा युक्तिवाद एका काल्पनिक माणसाच्या तोंडी घालतो : गुलाम कायद्यानं अंशतः माणूस, अंशतः मालमत्ता. शेवटी तो कबूलही करतो, की हे काही ठिकाणी जरा ओढूनताणून वाटेल, पण आपण मान्य करू.

मुखवट्यावर आणखी एक मुखवटा! आणि मॅडिसन स्वतःच दक्षिणेकडचा, व्हर्जिनियाचा, गुलामांचा मालक. पंचाऐंशी निबंधांत एरवी कसलीही भीड न बाळगणारा हा आवाज इथे दुसऱ्याच्या आडून बोलतो, हे मला त्याच्या मतापेक्षाही जास्त बोलकं वाटतं. सत्तेवर कोणी कसा लगाम घालायचा, याचा एवढा बारीक विचार करणाऱ्या माणसाला मालकाच्या सत्तेवर लगाम सुचला नाही, असं मी म्हणणार नाही. त्याला आपण काय लिहितोय हे कळत होतं. म्हणून तर त्यानं ते स्वतःच्या तोंडून म्हटलं नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच : दहावा आणि एक्कावन्नावा वाचाल, तर चोपन्नावाही सोडू नका. आणि त्यानंतर जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका काढून बघा. टॉमस पेन वाचून वाढलेल्या जोतीरावांनी आपलं पुस्तक अमेरिकेतल्याच लोकांना अर्पण केलं आहे. मात्र घटना लिहिणाऱ्यांना नव्हे. निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झिजलेल्या सज्जनांना. कोणत्या अमेरिकेला हात जोडायचे, हे पुण्यात बसून त्यांनी नेमकं निवडलं होतं.