मोळी आणि अंघोळ : ‘श्यामची आई’मधील नीतिविचाराची घडण

‘श्यामची आई’ या साने गुरुजींच्या पुस्तकाविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात ‘संस्कार’ हा शब्द टाळणे जवळजवळ कोणालाच जमलेले नाही. पुस्तकाचा गौरव करणाऱ्यांना ते मातृसंस्काराचे आदर्श पुस्तक वाटते. त्याला भाबडे, अश्रुप्रवण ठरवणाऱ्यांची तक्रारही नेमकी हीच असते की, येथे संस्काराखेरीज दुसरे काही नाही. दोन्ही पक्षांचे गृहीत मात्र एकच आहे. आईपाशी एक नैतिक साठा आहे, तो ती प्रसंगाप्रसंगाने मुलाच्या मनात ओतते आणि मूल भरत जाते. चारित्र्याच्या घडणीची ही कल्पना संहितेवर इतकी घट्ट बसली आहे की, संहिता स्वतः या बाबतीत काय सांगते, हे पाहण्याची गरज फारशी कोणाला भासलेली नाही.

पुस्तकाची रचना तरी निराळे सुचवते. बेचाळीस प्रकरणांना ‘रात्र’ असे नाव आहे. आश्रमातील सायंप्रार्थना आटोपल्यावर प्रौढ श्याम आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. हळूहळू गावातील माणसेही ऐकायला येऊ लागतात. म्हणजे प्रत्येक प्रसंग दोनदा घडतो: एकदा कोकणातल्या त्या घरात, लहान मुलाच्या बाबतीत, आणि पुन्हा एकदा, आई गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, ऐकणाऱ्यांच्या समोर. पहिल्या वेळी मूल रडते, हट्ट धरते, मार खाते, क्वचित खोटे वागते. त्याला त्या वेळी जे समजते ते फार थोडे असते. समजण्याची क्रिया प्रामुख्याने दुसऱ्या वेळी, निवेदनात चाललेली दिसते. शालेय पुस्तकांत या पुस्तकातील उतारे घेतले जातात तेव्हा बहुधा ही चौकटच गळून पडते. मागे राहतो तो एक प्रसंग आणि त्याखालचे तात्पर्य. ‘संस्कारा’ची वर सांगितलेली कल्पना अशा उताऱ्यांच्या वाचनातूनच बळावली असावी.

‘अळणी भाजी’चा प्रसंग सर्वपरिचित आहे. भाजीत मीठ घालायचे राहिले आहे. वडील काही न बोलता ती जेवतात, मुलेही त्यांच्यामागोमाग गप्प राहतात, आणि आई शेवटी स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला चूक कळते. ती कृतज्ञ होत नाही. आपल्याला सांगितले नाही म्हणून तिला वाईट वाटते. येथे धडा नेमका कोणता? रांधणाऱ्या माणसाचे मन राखावे, हा वडिलांच्या वागण्यातला धडा. चूक लपवून आपल्याला चांगले ठरवू नये, हा आईच्या हळहळीतला धडा. दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. निवेदक या दोहोंतील थोर कोण, असा प्रश्न ऐकणाऱ्यांपुढे ठेवतो आणि दोघांनाही वंदन करून पुढे जातो. त्याचे हे पुढे जाणे थोडे घाईचे आहे, हे मान्य केले पाहिजे. पण प्रश्न त्याला दिसला आहे, आणि तो जेवणाच्या पंगतीत नव्हे, निवेदनाच्या रात्री दिसला आहे.

नैतिक विकासाच्या आधुनिक मानसशास्त्राशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. झाँ पियाजे याने १९३२ मध्ये, म्हणजे ‘श्यामची आई’ लिहिली जाण्याच्या आदल्याच वर्षी, मुलांच्या नीतिनिर्णयाविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. गोट्या खेळणाऱ्या स्विस मुलांचे निरीक्षण करून त्याने असे मांडले की, लहान मुलाला नियम हा थोरांकडून आलेला, न बदलणारा वाटतो. पुढे बरोबरीच्या सवंगड्यांशी खेळताना, भांडताना, तडजोड करताना नियम आपणच परस्परसंमतीने करतो हे त्याला उमगते. नीती ही समाजाच्या अधिकारातून येते या एमिल द्युर्केमच्या मताला पियाजेने दिलेले हे उत्तर होते. पुढे लॉरेन्स कोलबर्ग याने शिकागो परिसरातील १० ते १६ वर्षांच्या मुलग्यांना काल्पनिक पेचप्रसंग सांगून, त्यांच्या उत्तरांतील युक्तिवादावरून तीन पातळ्या आणि सहा टप्पे कल्पिले. त्यातला सर्वांत गाजलेला पेच चोरीचा आहे: मरणोन्मुख पत्नीसाठी लागणारे औषध विकत घेण्याची ऐपत नसलेल्या हाइन्झने ते चोरावे काय?

श्यामनेही चोरी केली आहे. थोर होण्यासाठी पुस्तके वाचावी लागतात, पुस्तकाला पैसे लागतात, म्हणून तो पाहुण्याचे पैसे घेतो आणि नंतर आईपुढे कबुली देतो. प्रकरणाचे ‘मोठा होण्यासाठी चोरी’ हे शीर्षक पुरेसे बोलके आहे. कोलबर्गच्या मोजपट्टीवर या मुलाचा युक्तिवाद फार वरचा ठरणार नाही, आणि तो प्रश्न येथे गौण आहे. फरक आहे तो असा की, हाइन्झच्या गोष्टीत ‘नंतर’ नाही. औषध चोरून घरी आल्यावर पत्नीच्या नजरेला नजर देताना हाइन्झचे काय झाले, हे त्या मुलाखतीत कोणी विचारत नाही. उत्तर देणारा मुलगा पेचाच्या बाहेर उभा असतो. त्याच्या हातून काहीही घडलेले नसते. कॅरल गिलिगन हिने १९८२ मध्ये कोलबर्गवर घेतलेला आक्षेप प्रसिद्ध आहे. नात्यांची जपणूक हीसुद्धा नैतिक विचाराची एक रीत असून, केवळ मुलग्यांवरून काढलेल्या मोजपट्टीत तिला खालचे स्थान मिळते, असे तिने दाखवले. ‘श्यामची आई’ गिलिगनला अधिक जवळची वाटेल हे उघड आहे. तरीही हे सामीप्य एका मर्यादेपर्यंतच खरे आहे, कारण जपणुकीची नीती ज्या नात्यांवर उभी असते त्या नात्यांच्या बाहेरचे माणूस दारात आले की काय होते, याचा जाब या पुस्तकाला एका ठिकाणी द्यावा लागतो.

तत्पूर्वी मराठीतल्या ‘वळण’ या शब्दाकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. अक्षराला वळण असते, नदीला असते, रस्त्याला असते, आणि मुलालाही वळण लावले जाते. शील हे कृतीच्या आवृत्तीने अंगी मुरते, असे ॲरिस्टॉटल म्हणतो तेव्हा त्याला अभिप्रेत असलेली गोष्ट या शब्दात आहे. अंघोळीनंतर तळपायांना माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलासाठी आई दगडावर स्वतःच्या लुगड्याचे ओचे पसरते आणि पाय जपतोस तसे मनही जप, असे सुचवते. पोहायला घाबरून लपलेल्या मुलाला ती मारून विहिरीकडे पाठवते. हे सारे वळण. पण वळणाची एक अडचण ॲरिस्टॉटलनेही पुरती सोडवलेली नाही. वळण लावणाऱ्याचे स्वतःचे वळण ज्या समाजात घडले, त्या समाजाचा दोष हाताच्या सवयीबरोबर मुलाकडे जातो. अक्षर वळणदार असते आणि लिहिलेला मजकूर चुकीचा असू शकतो.

‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात हा दोष अगदी उघड्यावर येतो. एक म्हातारी महार स्त्री लाकडांची मोळी घेऊन चालली आहे. मोळी खाली पडली आहे आणि ती तिला पुन्हा डोक्यावर घेता येत नाही. हात लावणारे कोणी नाही. आई श्यामला सांगते की, जा, तिला मोळी उचलून दे. आणि मग घरी येऊन अंघोळ कर. मुलगा जातो, लोक नावे ठेवतील ही भीती मागे सारून मोळी उचलून देतो, परत येऊन अंघोळ करतो.

संस्काराची भाषा वापरणारा वाचक या आज्ञेचा पहिला अर्धा भाग वाचतो आणि सद्गदित होतो. विद्रोही वाचक दुसरा अर्धा भाग वाचतो आणि पुस्तक मिटतो. दोघांनाही वाक्य पूर्ण वाचायचे नसते. वास्तविक या आज्ञेचे दोन भाग एकमेकांना सुखाने खेटून बसत नाहीत. मोळी उचलून देणे जर धर्म असेल, तर तो आचरताना झालेल्या स्पर्शाने विटाळ कसा होतो? आणि विटाळ होतच असेल, तर देवाला सारी प्रिय कशी? आईच्या नीतिविचारात करुणा आणि सोवळे शेजारीशेजारी राहतात. त्यांच्यात भांडण आहे हे तिला जाणवत नाही, वा जाणवले तरी ते मिटवण्याचे साधन तिच्यापाशी नाही. जे तिच्यापाशीच सुटलेले नव्हते ते मुलाला तयार स्वरूपात कसे मिळणार होते? त्याला मिळाली ती एक विसंगती, आणि ती त्याच्या अंगावर ओल्या कपड्यांसारखी राहिली.

आता निवेदनाची वेळ पाहावी. हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिले गेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच नाशकात १९३० च्या मार्चमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. पुणे करार होऊन पाच महिनेही झाले नव्हते. गांधींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकाचा पहिला अंक ११ फेब्रुवारी १९३३ चा, म्हणजे पुस्तकाचे लेखन चालू असतानाचा. आणि १४ फेब्रुवारीला, लेखन संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, डॉ. आंबेडकरांनी मंदिरप्रवेशाच्या विधेयकावरील आपले निवेदन काढले. मंदिरप्रवेश हे अखेरचे साध्य आहे की समतेकडे नेणारे पहिले पाऊल, असा त्यांचा सवाल होता. ते अखेरचे साध्य असेल तर त्यात त्यांना स्वारस्य नव्हते. ‘मोळी उचल आणि अंघोळ कर’ या वाक्याला या सवालापेक्षा अचूक भाष्य मिळणे कठीण. अर्थात एकाने दुसऱ्याला उत्तर दिले, असे येथे सुचवायचे नाही.

अशा आठवड्यात लिहिणाऱ्याला अंघोळीचा उल्लेख गाळणे सहज शक्य होते. आईची प्रतिमा त्याने अधिकच उजळली असती, आणि साने गुरुजींची आईवरील भक्ती पाहता तो मोह लहान नव्हता. त्यांनी तो गाळला नाही. पुस्तकातील भावविवशतेवर घेतले जाणारे आक्षेप पुष्कळसे रास्त आहेत. निवेदकाचे अश्रू कित्येकदा विचाराची जागा अडवतात. पण या एका ठिकाणी आठवण सत्यनिष्ठ राहिली आहे, आणि त्यामुळेच ती वाचकाला बोचते. ॲलिस्डेअर मॅकिन्टायर याने १९८१ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार माणसाचे शील त्याच्या आयुष्याच्या कथारूप एकसंधतेत समजून घ्यावे लागते. या मताला येथे एक पुरवणी जोडावी लागते: कथा जुळवताना जो तुकडा नीट बसत नाही, तो तसाच ठेवण्याची तयारी हाही शीलाचाच भाग आहे.

‘श्यामची आई’च्याच सुमारास, १९३४ पासून, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ भागशः प्रसिद्ध होऊ लागली. दोन्ही पुस्तकांचा एकत्र विचार क्वचितच होतो, याचे आश्चर्य वाटते. लक्ष्मीबाईंच्या माहेरी वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याने सारे घर वेठीला धरले होते. १८९५ मध्ये पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि त्या पुन्हा त्यांच्यासोबत राहू लागल्यावरही स्वतःचे सोवळे सांभाळून वेगळे रांधत राहिल्या. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्याआधीच त्यांच्या मनातील जात गळाली होती, आणि तीही कोणाच्या उपदेशाने नव्हे. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घोळवला, त्याचा निकाल लावला आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे खाण्याची तयारी केली. वळण मोडण्याचे इतके निखळ आणि इतके विनोदी चित्रण मराठीत दुसरे नसेल. लक्ष्मीबाईंना त्यासाठी आईची आठवण लागली नाही. घर सुटणे, परक्या माणसांत राहणे आणि स्वतःच्या सोवळ्याचे हसू येणे एवढे पुरले. पियाजेला हे उदाहरण आवडले असते.

मात्र दोन्ही पुस्तकांत स्पर्शाचा प्रश्न स्पर्श करणाऱ्याच्या बाजूने सुटतो. मोळीवाल्या म्हातारीला त्या प्रकरणात नाव नाही. श्यामच्या अंघोळीविषयी तिला काय वाटले, हे निवेदक विचारत नाही, ऐकणारेही विचारत नाहीत. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले, तेव्हा तीच मोळी मराठी वाङ्मयात दुसऱ्या बाजूने उचलली गेली. फलटण परिसरातील महार स्त्रिया रानातून लाकडे तोडून ब्राह्मण आळीत विकायला नेत. मोळीत आपला एखादा केस अडकून राहिला तर घर बाटेल, म्हणून लाकूड न् लाकूड निरखून घेण्याची ताकीद त्यांना मिळे. आतल्या बाईला ही आपल्या घराची शुचिता वाटते. बाहेरच्या बाईच्या बोटांत शिरलेल्या काट्यांचा हिशेब कोठेच नाही. कांबळे यांचे निवेदन करुणेची मागणी करत नाही. आपल्याच माणसांच्या अज्ञानावर आणि घरातल्या सुनांच्या छळावर तितकेच कठोर होऊन ते पुढे जाते. ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण यानंतर पूर्वीसारखे वाचता येत नाही.

साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राणांतिक उपोषण आरंभले आणि मंदिर उघडण्याचा निर्णय झाल्यावर १० मे रोजी ते सोडले. त्याआधी ते या मागणीसाठी महाराष्ट्रभर हिंडले, सभांतून बोलले. चरित्रकार या उपोषणाचे मूळ आईच्या शिकवणीत शोधतात. ते चूक नाही, पण अर्धे आहे. आईच्या शब्दाप्रमाणे वागणाऱ्या मुलाला अंघोळ करावी लागली असती. १९४७ मध्ये ज्याचा आग्रह धरला गेला, त्यात स्पर्शानंतरच्या स्नानाला जागा नव्हती. आज्ञेचा पहिला भाग दुसऱ्यावर उलटवण्याचे काम तिच्या मुलाने केले, आणि त्याला मधली तीसेक वर्षे, तुरुंगाच्या रात्री, तसेच नाशकात मंदिराच्या दाराशी उभ्या राहिलेल्या सत्याग्रहींचे उदाहरण लागले.