सेवक निवडायचा कोणी? ‘जामखेड’ वाचताना

लोकसेवकांचे जाळे कसे उभे राहिले याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते ते बहुधा गौरवपर असते. एक ध्येयवेडा, त्याच्यामागे जमलेले चार तरुण आणि पालटलेले गाव! डॉ. मेबल व डॉ. रजनीकांत आरोळे यांचा ‘जामखेड’ हा १९९४ साली प्रसिद्ध झालेला इंग्रजी ग्रंथ हा साचा मोडतो, म्हणून आम्ही तो पुन्हा हाती घेतला.

वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले हे दांपत्य १९७० साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी भागात आले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार तेव्हा जन्मलेल्या हजार बालकांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत; वीसेक वर्षांत हा आकडा विशीच्या आसपास उतरला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु ग्रंथाचे खरे मोल या यशोगाथेत नाही. ते अपयशाच्या कबुलीत आहे.

प्रशिक्षित परिचारिका गावात ठेवल्या की काम होईल, हा आरंभीचा बेत फसला. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या त्या मुलींवर लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडून द्यावी, असे ठरले. आलेल्या बहुतेक बाया निरक्षर होत्या. कित्येक दलित, कित्येक नवऱ्याने टाकलेल्या. त्या जामखेडला नेमाने येऊन शिकल्या. सुखरूप बाळंतपण, मुलांची वजने, जुलाबावर मीठ-साखरेचे पाणी. भिन्न जातींच्या या बाया तेथे एकत्र जेवल्या, एकत्र निजल्या. डॉक्टरांनी आपली विद्या वाटून टाकली, ही या कथेतील सर्वांत अवघड घटना होय. पैसा देणे सोपे असते. ज्ञानाबरोबर येणारा मान देणे कठीण.

जातीचा प्रश्न लेखकांनी व्याख्यानांनी सोडवू पाहिला नाही. दुष्काळात कूपनलिका दलित वस्तीत खोदल्या गेल्या आणि पाण्यासाठी सारे गाव तेथे आले. शेतकरी मंडळे व महिला मंडळे अशाच निकडीच्या कामांतून वाढली. संघटना आधी आणि काम मागाहून, हा आपला नेहमीचा क्रम येथे उलटा आहे.

तथापि दोन उणिवा नोंदवल्याच पाहिजेत. पहिली भाषेची. या बायांची मनोगते ग्रंथात आहेत. पण त्या बोलल्या जामखेडच्या मराठीत आणि आमच्यापर्यंत पोहोचले ते नेटके इंग्रजी. बोलीतला राग, थट्टा, अडखळणे वाटेत गळून पडले. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. वेतनापेक्षा बाईने लहानशा धंद्यावर स्वतःच्या पायांवर उभे राहावे, यावर जामखेडचा भर होता. हे उत्तर आम्हांला अर्धेच वाटते. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ सेविका गावोगाव नेमल्या. त्यांनाही स्वयंसेविका म्हटले गेले आणि योग्य मोबदल्यासाठी महाराष्ट्रात त्यांना २०२१ व २०२३ साली संप करावा लागला. सेवाभाव हे मोठे मूल्य आहे. परंतु तो नेहमी गरीब बाईकडूनच मागितला जात असेल, तर त्याला सेवा म्हणावे की वेठ?

हा ग्रंथ आम्हांला अस्वस्थ करतो तो आणखी एका कारणाने. आमच्या धर्मग्रामात आम्हीही एकदा सेवकांची यादी तयार केली आणि रविवारी वेदीवरून वाचून दाखवली. सारी शिकलेली, वेळ असलेली, आमच्या ओळखीची माणसे. वर्षअखेरीस बैठकीला आम्ही व चिटणीस असे दोघेच उरलो. दोष त्या माणसांचा नव्हता. ज्यांच्यासाठी यादी केली त्यांना आम्ही विचारलेच नव्हते.

मेबल आरोळे १९९९ साली निवर्तल्या, रजनीकांत २०११ साली. त्यांच्या ग्रंथातून हाती घ्यावा असा धडा एकच: जाळे विणणारा हात गावाचाच असावा लागतो. आपल्या पुढच्या समितीची यादी लिहिण्यापूर्वी आपण लेखणी कोणाच्या हाती देणार आहोत?