मांसाचे वस्त्र आणि निर्विकार चेहरा : मार्क रायडन यांचे 'इन्कार्नेशन'

पॉप अतिवास्तववादी चित्रांचा अर्थ लावताना समीक्षकाला प्रतीककोशाचा मोह आवरत नाही. मांस म्हणजे मर्त्यता, मोठे डोळे म्हणजे निरागसता, अशी समीकरणे मांडली की चित्र उलगडले असे वाटते. अमेरिकी चित्रकार मार्क रायडन (जन्म १९६३) यांचे 'इन्कार्नेशन' (२००९) हे तैलचित्र या पद्धतीला दाद देत नाही. कॉमिक्स व व्यंगचित्रांची लोकप्रिय दृश्यभाषा आणि अकादमिक तैलरंगांचे कसब एकत्र आणणाऱ्या, १९९४ साली निघालेल्या 'जक्स्टापोज' नियतकालिकाभोवती वाढलेल्या प्रवाहात रायडन यांचे स्थान अग्रभागी आहे.

चित्रात गोऱ्या, बाहुलीसारख्या चेहऱ्याची एक मुलगी उभी आहे. तिचा पायघोळ झगा मांसाच्या तुकड्यांचा आहे.

येथे शीर्षकापाशी थांबणे आवश्यक ठरते. लॅटिन 'कारो' म्हणजे मांस. ते 'इन्कार्नेशन' या शब्दाच्या पोटात शाबूत आहे. मराठीत 'अवतार' म्हटले की खाली उतरण्याची क्रिया तेवढी उरते, मांस गळून पडते. मराठी ख्रिस्ती परिभाषेतील 'देहधारण' हा शब्द अधिक जवळचा. आणि योगायोग असा की 'धारण' हे क्रियापद वस्त्रालाही चालते. रायडन यांनी नेमका हाच श्लेष दृश्यरूपात आणला आहे. देह हे आपण ल्यालेले मांसाचे वस्त्र होय, ही भूमिका त्यांनी स्वतःही मांडलेली आहे. भारतीय वाचकाला लगेच गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील वस्त्राचा दृष्टान्त आठवेल. परंतु हे साम्य फार ताणू नये. गीतेतील वस्त्र जीर्ण आहे, टाकण्यासाठी आहे. येथील वस्त्र समारंभाचे आहे आणि ते उतरवण्याची कोणतीही घाई दिसत नाही.

उलट, अँग्रने साटीनची चकाकी ज्या निगुतीने रंगवली त्याच निगुतीने येथे चरबी आणि स्नायू रंगवले आहेत. याना स्टर्बाक यांच्या 'व्हॅनिटास' (१९८७) या कलाकृतीतील पोशाख खऱ्या मांसाचा होता. तो प्रदर्शनात वाळत जाई, आणि त्या वाळण्यातच त्याचा अर्थ होता. रायडन यांचे मांस कधीच नासणार नाही. ही ताजेपणाची हमीच अधिक अस्वस्थ करते.

मग भावाचे काय? रसमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर बीभत्साचा विभाव समोर आहे, पण अनुभाव नाही. मुलीच्या मुद्रेवर किळस नाही, भय नाही, आपल्या वस्त्राची जाणीवही नाही. जुगुप्सेला चित्रात आश्रय न मिळाल्याने ती प्रेक्षकाकडे परतते; ती एकट्या त्याचीच होऊन बसते. हे डोळे निरागस आहेत असे म्हणणे म्हणूनच उतावीळपणाचे आहे. निरागसतेला निदान काही माहीत नसावे लागते. या डोळ्यांना काय माहीत आहे याचा चित्र पत्ताच लागू देत नाही.

२०१० साली गायिका लेडी गागा मांसाचा पोशाख घालून एका पुरस्कार समारंभात आली, तेव्हा या चित्राशी तुलना झाली. तुलना वस्त्रापुरती ठीक होती. त्या वस्त्राच्या वर मात्र एक बोलका, प्रेक्षकांना जाणणारा चेहरा होता.