‘राष्ट्रा’त वाचक कुठे बसतो?

निवृत्त झालो त्याच महिन्यात महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे माझे लॉगिन बंद झाले. हाती घेतलेला निबंध मात्र निवृत्त झाला नव्हता. म्हणूनच ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ ही योजना मी जरा स्वार्थाने वाचली.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था. लहान गावांतील सरकारी महाविद्यालयांना यातून जे मिळाले, ते मोलाचेच आहे. माझा आक्षेप नावातल्या पहिल्या दोन शब्दांना आहे. २०२० च्या अखेरीस आलेल्या विज्ञानधोरणाच्या मसुद्यात हीच कल्पना मांडताना भारतातील सर्व व्यक्तींना लेख वाचता येतील, असे म्हटले होते. चार वर्षांत ‘व्यक्ती’ गळाली आणि ‘संस्था’ उरली. सार्वजनिक ग्रंथालय तर या यादीत नाहीच.

अडचण तंत्राची म्हणावी, तर तसेही नाही. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तिथल्या कोणाही रहिवाशाने नाव नोंदवले, की विकत घेतलेले अनेक डेटाबेस त्याला घरबसल्या विनामूल्य उघडता येतात. ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय ग्रंथालयही तेच करते. तिथे पद विचारत नाहीत, पत्ता विचारतात. ‘अधिकृत वाचक कोण’ हे प्रकाशकाशी झालेल्या करारातले एक कलम ठरवते आणि ते कलम वाटाघाटीने बदलता येते.

वाचक वाढले की किंमत वाढेल, हा युक्तिवाद खरा आहे. पण मधला मार्गही आहे. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रकाशकांनी सार्वजनिक ग्रंथालयांतील संगणकांवर हजारो नियतकालिके मोफत खुली केली. आपल्याकडे १९६७ च्या कायद्याने मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे जाळे तालुक्या-तालुक्यांत आहे. निदान जिल्हा ग्रंथालयापासून सुरुवात करायला काय हरकत आहे?

मराठीत तरी संशोधन केवळ पगारी प्राध्यापकांनी केलेले नाही. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढणारे राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडले. ते कोणत्याही विद्यापीठाच्या नोकरीत नव्हते. आज ते आले, तर या योजनेच्या व्याख्येनुसार वाचकही ठरणार नाहीत. ज्या राष्ट्रात राजवाडे बसत नाहीत, त्याची व्याख्या पुन्हा तपासायला हवी.