हा, ही, हे : उद्देश्यस्थानी वाक्य असताना

मराठीत शिरणाऱ्या कोणत्याही परक्या नामाला लिंग घेतल्यावाचून वाक्यात बसता येत नाही. भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवर याचे दाखले पावलोपावली मिळतात. केबिन स्त्रीलिंगी झाली, रोड पुल्लिंगी झाला. पलीकडच्या स्थानकातले तिकीट नपुंसकलिंगी ठरले आणि प्लॅटफॉर्म पुन्हा पुल्लिंगी. इंग्रजीत यांपैकी एकालाही व्याकरणिक लिंग नव्हते. ही सक्ती इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यातून सुटलेली एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. उद्देश्याच्या जागी येऊन बसलेल्या अख्ख्या वाक्याला मराठी लिंग देत नाही. अशा वेळी क्रियापदाने कोणाशी जुळायचे, हा प्रश्न व्याकरणाच्या पुस्तकांत एखाद्या ओळीत संपतो. प्रत्यक्षात तो बराच दूरवर जातो.

आरंभ एका परिचित वाक्यापासून करता येईल : ‘रेल्वे रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे.’ उपनगरी प्रवाशाला ते पाठ असते आणि १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे १४७ वे कलम त्याच्या पाठीशी उभे आहे. पण व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य शिस्त मोडणारे आहे. ‘ओलांडणे’ हे धातुसाधित नाम नपुंसकलिंगी, असे शाळेत शिकवले जाते. मग त्याच्यामागून येणारे सर्वनाम ‘हे’ असायला हवे होते. ते ‘हा’ आहे, आणि ‘ओलांडणे हे गुन्हा आहे’ असे म्हटले तर कोणाही मराठी माणसाच्या कानाला खटकते. वाक्य भूतकाळात नेले की प्रकार अधिक उघड होतो : रूळ ओलांडणे हा गुन्हा होता, ही चूक होती, हे पाप होते. उद्देश्य तिन्ही ठिकाणी एकच. क्रियापद मात्र तीनदा बदलले आणि दर वेळी ते विधेयातील नामाच्या मागे गेले. पूर्ण वाक्य उद्देश्यस्थानी ठेवले तरी हेच घडते : ‘तो न सांगता गेला ही चूक होती.’

उद्देश्य आणि विधेय यांना जोडणारे सर्वनाम दोहोंपैकी कोणाचेही लिंग घेऊ शकते, असे संस्कृत टीकाकार मानीत आले. मराठीने, निदान वाक्यरूप उद्देश्याच्या बाबतीत, ही मोकळीक ठेवलेली नाही. विधेयात नाम असेल तर सर्वनाम त्याचेच होते. याचे कारण उघड आहे. उद्देश्याजवळ द्यायला लिंगही नाही आणि वचनही नाही.

खरा वाद विधेयात नाम नसते तेव्हाचा आहे. ‘तो आला हे बरे झाले.’ येथे क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी का? रूढ उत्तर असे की ते ‘हे’शी जुळते, आणि ‘हे’ म्हणजे मागच्या वाक्याचा प्रतिनिधी. ‘मला कळले की तो आला’ या रचनेत ‘हे’ दिसत नाही, पण ते अध्याहृत मानावे, असे सांगून हे उत्तर सावरले जाते. अध्याहार ही मराठी व्याकरणाची जुनी सोय आहे. जे दिसत नाही ते मानले की पुष्कळ गोष्टी जुळतात. पण ‘मला वाटले की तो येणार नाही’ या वाक्यात ही सोय अडते. ‘मला हे वाटले की’ असे सहज मराठी बोलणारा म्हणत नाही; तो म्हणतो ‘असे वाटले’. म्हणजे जे अध्याहृत मानायचे ते सर्वनाम या जागी बसतच नाही. आता ‘असे’ हेच नपुंसकलिंगी आहे, असा बचाव होऊ शकतो. परंतु ‘तो येणार अशी बातमी आहे’, ‘तो येणार असा अंदाज आहे’ या वाक्यांत ‘असे’ स्वतःच दुसऱ्याच्या मागे जाताना दिसते. ‘हे’ काय किंवा ‘असे’ काय, दोघेही अनुयायी आहेत. अनुयायालाच नेता मानून चाललेले विवेचन कोठेतरी अडणारच.

वचनाची कसोटी लावली तर शंका उरत नाही. पुस्तक हरवले, दप्तर हरवले. पण ‘पुस्तक आणि दप्तर हरवली’. दोन नपुंसकलिंगी नामे एकत्र आली की क्रियापद अनेकवचनी होते. मात्र ‘तो आला आणि ती गेली’ या दोन वाक्यांपुढे ‘ही बरी झाली’ असे कोणीही म्हणत नाही. ‘हे बरे झाले’ असेच म्हणतात. धातुसाधितांचेही तेच : ‘येणे आणि जाणे अवघड झाले’. याउलट जी धातुसाधिते खरोखरीची नामे बनली त्यांचे अनेकवचन होते. गाण्याची गाणी, देण्याची देणी, दुखण्याची दुखणी. ‘देणी फिटली’ आणि ‘पैसे देणे व हिशेब देणे थांबले’ ही वाक्ये शेजारी ठेवली की नाम झालेले ‘देणे’ आणि क्रिया राहिलेले ‘देणे’ वेगळे दिसू लागते. क्रिया मोजता येत नाही, म्हणून तिच्याशी जुळणारे क्रियापदही मोजत नाही.

तेव्हा ‘बरे झाले’ हे रूप जुळण्याचे नसून जुळण्यासाठी कोणी नसल्याचे आहे. हेच रूप मराठी आणखी दोन ठिकाणी योजते. ‘रामाने रावणास मारले’ या भावे प्रयोगात कर्ता आणि कर्म दोघेही प्रत्ययाआड गेलेले असतात. ‘उजाडले’, ‘सांजावले’ यांत कर्ताच नसतो. मो. के. दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) आजच्या परीक्षोपयोगी पुस्तकांपर्यंत हे प्रकार प्रयोगविचारात येतात आणि नामवाक्य वाक्यपृथक्करणात येते. दोन प्रकरणे वेगवेगळी पडल्यामुळे एकाच गोष्टीची ही रूपे एकमेकांना भेटतच नाहीत.

लेखनानेही थोडी धूळ उडवली आहे. पूर्वी ‘झालें’ असे अनुस्वारयुक्त लिहीत तेव्हा नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचनी ‘झाले’ कागदावर वेगळे दिसत. १९६२ च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि दोन्ही रूपे एक झाली. बोलण्यात ‘झालं’ आणि ‘झाले’ अजूनही वेगळे आहेत. बोलीच्या अंगाने लिहिणाऱ्या कथा-कादंबरीकाराच्या हातात त्यामुळे जो फरक राहिला तो वैचारिक गद्य लिहिणाऱ्याच्या हातून गेला.

केबिन रोडवर मराठीच्या शेजारी गुजराती, हिंदी आणि मारवाडी बोलल्या जातात. तेथे हा फरक ऐकूही येतो. गुजरातीने नपुंसकलिंग राखले आहे, म्हणून ‘सारुं थयुं’ हे ‘बरं झालं’च्या नेमके शेजारी बसते. हिंदीजवळ ते लिंग नाही. तिचे ‘अच्छा हुआ’ पुल्लिंगाचा आधार घेते, आणि मारवाडीही त्याच वाटेने जाते. परंतु मराठीचे वेगळेपण नपुंसकलिंगात नाही, ते सर्वनामात आहे. हिंदीचा ‘यह’ आणि गुजरातीचा ‘ए’ लिंगानुसार बदलत नाहीत. ‘हा, ही, हे’ बदलतात. परिणामी मराठी वक्त्याला विधेय उच्चारण्यापूर्वीच, सर्वनामाच्या क्षणी, आपण घटनेला काय म्हणणार आहोत हे ठरवावे लागते.

‘चूक’ या शब्दापाशी ही निवड विशेष बोलकी होते, कारण तो नामही आहे आणि विधिविशेषणही. ‘ती परत गेली ही चूक होती’ आणि ‘ती परत गेली हे चूक होते’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. पहिल्यात घटनेला नाव मिळाले. ती चूक आता मोठी म्हणता येईल, दुसरी म्हणता येईल, तिची किंवा कोणा दुसऱ्याची म्हणता येईल. दुसऱ्यात घटना एका निकषापुढे उभी केली आणि नापास ठरवली; तिचा धनी शोधण्याची गरज उरली नाही. याच्याही पलीकडे मराठीजवळ ‘माझं चुकलं’ आहे. गर्दीत कोणाच्या पायावर पाय पडला तरी हेच म्हटले जाते आणि आयुष्यभराच्या भांडणाच्या शेवटीही हेच. यात ‘माझं’ आहे, पण माझे काय ते नाही. ‘मी तसा वागलो ते’ हे वाक्य गिळलेले आहे आणि त्याचे नपुंसकलिंगी एकवचन तेवढे मागे राहिले आहे. ‘मी चुकलो’ यात माणूस चुकतो, ‘माझी चूक झाली’ यात हिशेबाची एक नोंद होते. ‘माझं चुकलं’ म्हणणारा कृत्य पदरात घेतो आणि त्याचे नाव मात्र घेत नाही. हिंदीत नेताना अनुवादकाला ‘गलती’ किंवा ‘भूल’ हे नाम आणावेच लागते, आणि कबुलीचा सूर तेथेच पालटतो.

निवेदनात या निवडीचे महत्त्व किती असते ते एका साध्या वाक्याने पाहता येईल. ‘बाप त्या रात्री घरी आला नाही’ याच्यापुढे ‘हे नेहमीचेच होते’ येऊ शकते, ‘ही त्याची सवयच होती’ येऊ शकते, किंवा ‘हा त्याचा शेवटचा नकार होता’ येऊ शकते. पहिला निवेदक घटनेला हात लावत नाही, दुसरा ती बापाच्या अंगावर टाकतो, तिसरा तिला सबंध कथेत जागा देतो. कथेच्या त्या टप्प्यावर निवेदकाला काय कळले आहे, हे या सर्वनामावरून ओळखता येते. शैलीविचारात विशेषणे मोजणाऱ्यांनी या जागा अजून फारशा मोजलेल्या नाहीत.

कार्यालयीन मराठीत मात्र निवडच होत नाही. ‘असे निदर्शनास आले आहे की’, ‘कळविण्यात आले होते की’. येथे क्रियापद कोणाशीही जुळत नाही, कारण जुळण्याजोगे असे कोणी वाक्यात ठेवलेलेच नाही. काम रखडले ‘हे निदर्शनास आले’. ‘ही दिरंगाई’ असे लिहिले असते तर कोणाची, हे पुढच्या शब्दात सांगावे लागले असते. या भाषेवर मराठी समीक्षकांनी पुष्कळ टीका केली आहे आणि ती योग्यच आहे. पण त्यांच्या स्वतःच्या गद्यातही तीच रचना ठाण मांडून बसली आहे. लेखकाने मध्येच निवेदक बदलला ‘हे लक्षणीय आहे’. कवी पुराणकथेकडे वळला ‘हे अर्थपूर्ण आहे’. लक्षणीय, अर्थपूर्ण, सूचक ही विशेषणे स्वतःही लिंगवचनाने बदलत नाहीत. निवेदक बदलला ही पळवाट होती की हा धाडसी डाव होता, पुराणकथेकडे वळणे ही माघार की हा शोध, ते वाचकाला कळत नाही आणि पुष्कळदा लिहिणाऱ्यानेही ठरवलेले नसते. घटनेचे नाव राखून ठेवणे कधी कधी उचित असते. जे अजून उलगडलेले नाही त्याला घाईने ‘हा’ किंवा ‘ही’ लावणे हाही उतावीळपणाच. पण परीक्षणामागून परीक्षणात, वीस-वीस पाने वाचल्यावरही ‘हे’च हाती लागते तेव्हा तो संयम राहत नाही. त्यातही ‘कादंबरीचा शेवट सैल आहे हे खरे, पण’ ही रचना सर्वांत प्रिय. तिच्यात तर जुळवून घ्यायला क्रियापदही ठेवलेले नसते.