प्लेगच्या सरकारी अहवालांचें प्रामाण्य

मुंबई इलाख्यांतील प्लेगच्या सांथीसंबंधानें तीन इंग्रजी ग्रंथ अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. म्युनिसिपल कमिशनर स्नो व जनरल गॅटेकर यांचे अहवाल १८९७ सालचे. सप्टेंबर १८९६ पासून जून १८९९ पर्यंतची हकीकत देणारा कॅप्टन काँडन यांचा ग्रंथ १९०० सालचा. तारखा, आंकडे व इस्पितळांचीं वर्णनें यांसाठीं हे ग्रंथ अपरिहार्य होत. परंतु त्यांतील सर्वच विधानें सारख्याच योग्यतेचीं मानण्याचा जो प्रघात पडला आहे, तो आम्हांस मान्य नाहीं.

मीमांसकांनीं विधि व अर्थवाद यांत भेद केला आहे. स्तुतिपर वाक्य केवळ शब्दार्थानें प्रमाण धरावयाचें नसतें. त्याचें तात्पर्य पाहावें लागतें. हाच न्याय येथें लावावा. अधिकारी आपल्याच कमिटीची तारीफ करतो, तेव्हां तो अर्थवाद; उलट, आपल्या धोरणास बाधक अशी गोष्ट तो नाइलाजानें नमूद करतो, तेव्हां तें वाक्य बलवत्तर होय.

स्नो यांचेंच उदाहरण घेऊं. ऑक्टोबर १८९६ मध्यें रोग्यांस सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा हुकूम निघाला. त्याच महिन्यांत गिरणीकामगारांनीं ऑर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला, व हुकूम सैल करावा लागला. शहराची सफाई करणारे कामगारच पळून गेले तर मुंबई ओस पडेल, ही धास्ती कमिशनरांस होती. सक्तीचा कारभारही लोकांच्या सहकार्यावांचून एक दिवस चालत नाहीं, याची ही कबुलीच नव्हे काय? गॅटेकर यांच्या अहवालांतही निरनिराळ्या जातींनीं व जमातींनीं स्वखर्चानें काढलेल्या इस्पितळांस जागा द्यावी लागली आहे.

पुण्याचा वृत्तांत याहून कटु आहे. फेब्रुवारी १८९७ च्या सांथीच्या कायद्याच्या आधारें रँड यांच्या कमिटीनें गोऱ्या सोल्जरांकडून घरझडत्या चालविल्या. २२ जूनला रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. ह्याच शहरांत लोकवर्गणीचें हिंदु प्लेग इस्पितळ निघालें व त्यांत टिळकांनीं पुढाकार घेतला. शहराबाहेर डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यांत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. तींतच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

यावर कोणी म्हणेल कीं, मग सरकारी पक्ष टाकून लोकपक्षाचेंच म्हणणें प्रमाण मानावें. तेंही आम्हांस पटत नाहीं. लोकपक्षाच्या लिखाणांतही अर्थवाद विपुल आहे. जातवार इस्पितळ हें त्या त्या जातीस आधार होतें. परंतु ज्यांस धनिक पुढारी नव्हते, त्यांनीं कोठें जावें? ह्या प्रश्नाचें उत्तर गौरवलेखांत सांपडत नाहीं. तें वर्गणीच्या यादींत, औषधाच्या हिशेबांत व रोग्यांच्या नोंदींत शोधावें लागेल.

हा वाद जुना झाला असें समजूं नये. १८९७ चाच कायदा मार्च २०२० मध्यें कोविडच्या सांथींत महाराष्ट्र सरकारनें पुन्हां लागू केला. पुढें धारावींत महापालिकेनें वस्तींतल्याच खासगी डॉक्टरांस हाताशीं घेऊन घरोघर तपासणी केली, व जुलै २०२० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें त्या कामाचा गौरव केला. कायदा तोच; वागण्याची तऱ्हा निराळी. ती कशी बनली हें सांगणारे कागद, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी व शिधावाटपाच्या याद्या, कोणी जपणार आहे काय?

आमच्या संग्राहक मित्रांचा कल मोडी रुमालांकडे असतो. पेशवाईनंतरचा कागद दिसला कीं तो रद्दींत जातो. १८९७ सालची वर्गणीची वही शनिवारवाड्यावरील पत्राइतकी मोहक नसेल. पण ती नष्ट झाल्यास स्नो, गॅटेकर व काँडन हेच ह्या प्रकरणांतले एकमेव साक्षीदार उरतील, व त्यांची उलटतपासणी करण्याचें साधनच राहणार नाहीं. सबब, अशी वही ज्यांच्या संग्रहीं असेल त्यांनीं निदान तिची नक्कल तरी करून ठेवावी, एवढीच विनंति आहे.