आरोग्यशिक्षकाची घडण : ‘जामखेड’च्या निमित्ताने

मेबल व रजनीकांत आरोळे यांचा ‘जामखेड’ (१९९४) हा ग्रंथ केवळ यशोगाथा म्हणून वाचल्यास त्याचे मर्म हाती लागत नाही. १९७० मध्ये आरंभिलेल्या ह्या ग्रामीण कार्यात प्रथम प्रशिक्षित परिचारिका खेड्यांत धाडल्या गेल्या. गावाशी त्यांचे सूत जमले नाही. पुढे गावातल्याच, बहुधा निरक्षर, स्त्रियांनी ते काम पेलले. मग आरोग्यशिक्षणाच्या पदवीधराचे प्रयोजन काय? ग्रंथाचा सूचितार्थ असा, की त्याने ह्या स्त्रियांना शिकवावे, व तत्पूर्वी त्यांच्याकडून शिकावे. तथापि एक भेद विसरता येत नाही. आरोळे दांपत्य डॉक्टर होते. उपचाराने जोडलेला विश्वास त्यांच्या शिकवणीमागे उभा होता. ज्याच्या हाती औषध नाही, अशा विद्यार्थ्याने तो कशाने जोडावा, ह्याचे उत्तर अभ्यासक्रमाने दिले पाहिजे. एरवी त्याची पदवी गावाच्या वेशीपर्यंतच पोहोचेल.